साडेआठ टक्क्यांत बसवलेली मुलं : टेक्ससमधल्या विशेष शिक्षणाचं प्रकरण

२००४ साली टेक्सस राज्याच्या शिक्षण खात्याने, म्हणजे टेक्सस एज्युकेशन एजन्सीने, राज्यातल्या स्कूल डिस्ट्रिक्टांचं (त्या त्या भागातल्या सरकारी शाळा चालवणाऱ्या स्थानिक संस्थांचं) काम तपासण्यासाठी नवी गुणपद्धत आणली. तिच्यात बरेच निकष होते. त्यातला एक असा, की डिस्ट्रिक्टच्या एकूण विद्यार्थ्यांपैकी किती टक्के मुलं विशेष शिक्षण घेतात. आकडा ८.५ टक्के किंवा त्याखाली असेल तर शेरा ०, म्हणजे सगळं ठीक. त्याच्या वर गेला की १, मग २, मग ३. शेरा जितका मोठा, तितकी खात्याची नजर कडक.

हा तक्ता जरा निरखून पाहण्यासारखा आहे. ज्या वर्षी तो लागू झाला त्या वर्षी टेक्ससमध्ये हे प्रमाण बारा टक्क्यांच्या जवळपास होतं आणि देशाची सरासरी तेराच्या घरात होती. म्हणजे चारचौघांसारखं काम करणाऱ्या डिस्ट्रिक्टला पहिल्याच दिवशी वाईट शेरा. शिवाय तक्त्याला खालचं टोकच नव्हतं. एखाद्या डिस्ट्रिक्टने विशेष शिक्षणात एकही मूल घेतलं नाही, तरी त्याचा शेरा ०, उत्तम. मुलं कमी का आहेत, असं विचारणारा रकाना कुठेच नव्हता.

अकरा वर्षांनी, २०१५च्या सुमाराला, सगळ्या राज्याची सरासरी बरोबर साडेआठवर येऊन टेकली. देशातल्या कुठल्याही राज्यापेक्षा कमी.

या प्रकरणावर अमेरिकेत पुष्कळ लिहिलं गेलं आहे, पण ते बहुतेक राजकारणाच्या अंगाने. मला त्यात रस आहे तो वेगळ्या कारणाने. इथे कायदा होता, पैसे कमी असले तरी होते, शिक्षक होते, पालकांना हक्कही होते. एवढं असूनही लाखो मुलांपर्यंत कबूल केलेली सेवा पोचली नाही, आणि कोणी एका माणसाने ‘नाही’ म्हटल्याचा कागद शोधायला गेलात तर तो जवळजवळ सापडत नाही.

कायदा काय सांगतो ते आधी. १९७५च्या नोव्हेंबरात अध्यक्ष जेराल्ड फोर्ड यांनी अपंग मुलांच्या शिक्षणाच्या कायद्यावर सही केली. १९९० पासून त्याला ‘आयडिया’ या आद्याक्षरांच्या नावाने ओळखतात. त्यात दोन जबाबदाऱ्या शाळेवर आहेत, पालकांवर नाहीत. पहिली, ज्या मुलाला अपंगत्व असण्याची शक्यता दिसते त्याला शाळेने स्वतः होऊन शोधायचं, तपासायचं. याला तिकडे ‘चाइल्ड फाइंड’ म्हणतात. दुसरी, अपात्र ठरवल्याखेरीज त्या मुलासाठी वैयक्तिक शिक्षण आराखडा करायचा, म्हणजे आयईपी, आणि त्यात लिहिलेली सेवा फुकट द्यायची. आयईपीत ‘आठवड्यातून दोनदा, प्रत्येकी तीस मिनिटं स्पीच थेरपी’ असं लिहिलं असेल तर ते शाळेवर बंधनकारक. थेरपिस्ट मिळत नाही, बजेट संपलं, ही सबब चालत नाही. पात्र मुलं किती असावीत याला कायद्यात कमाल मर्यादा नाही, कारण ती असूच शकत नाही. एखाद्या गावात तापाचे रुग्ण साडेआठ टक्केच निघाले पाहिजेत, असं आरोग्य खात्याने ठरवण्यासारखंच ते झालं असतं.

मग हा आकडा आला कुठून? २०१६च्या सप्टेंबरात ‘ह्यूस्टन क्रॉनिकल’ या दैनिकात ब्रायन रोझेंथल या वार्ताहराची लेखमाला सुरू झाली, तेव्हा ते बाहेर आलं. खात्यातल्या मोजक्या अधिकाऱ्यांनी तो ठरवला होता. विधिमंडळाला विचारलं नव्हतं, राज्याच्या शिक्षण मंडळाला नाही, वॉशिंग्टनच्या शिक्षण खात्यालाही नाही. त्यामागे कुठलं संशोधन होतं का, तर तेही दाखवता आलं नाही. तो काळ राज्याच्या तिजोरीत खडखडाट असण्याचा होता आणि विधिमंडळाने शिक्षणाचा निधी कापला होता. विशेष शिक्षण महाग असतं. पुढचं ज्याने त्याने समजून घ्यावं. देशाच्या सरासरीइतकं प्रमाण टेक्ससने राखलं असतं तर आणखी सुमारे अडीच लाख मुलांना सेवा मिळाल्या असत्या, असा हिशेब त्या दैनिकाने मांडला.

खात्याची बाजूही नीट ऐकायला हवी, कारण ती अगदीच टाकाऊ नाही. ते म्हणाले, ८.५ ही मर्यादा नव्हतीच, तो फक्त एक इशारा होता. वर गेलात म्हणून कुणाला दंड झाला नाही. प्रमाण घटलं ते शिकवणं सुधारल्यामुळे. सुरुवातीलाच मदत मिळाल्याने बरीच मुलं विशेष शिक्षणापर्यंत जाण्याआधीच सावरली. शिवाय अमेरिकेत कृष्णवर्णीय मुलांना गरज नसताना ‘विशेष’ ठरवून बाजूच्या वर्गात टाकण्याचा इतिहास आहे, आणि त्यावर लक्ष ठेवा असं कायदाच सांगतो.

शेवटचा मुद्दा खरा आहे. पण त्यासाठी वंशनिहाय प्रमाणांची तुलना करायची असते. एकूण आकड्याला झाकण लावून ती तक्रार सुटत नाही, उलट ज्यांचे आईवडील भांडू शकत नाहीत तीच मुलं आधी गळतात. आणि ‘फक्त इशारा’ म्हणाल, तर कुठल्याही सरकारी यंत्रणेत काम केलेल्या माणसाला विचारा, की वरच्या कार्यालयाकडून येणाऱ्या तक्त्यातल्या लाल रकान्याचं खाली काय होतं. वर्षाच्या शेवटी सुपरिंटेंडंटला, म्हणजे डिस्ट्रिक्टच्या प्रमुखाला, त्या रकान्याचा खुलासा लिहावा लागतो, सुधारणेचा आराखडा द्यावा लागतो. पुढच्या वर्षी तो मुख्याध्यापकांच्या बैठकीत विषय काढतो. मुख्याध्यापक मूल्यमापन करणाऱ्या तज्ज्ञांशी बोलतो. वर्गशिक्षिकेपर्यंत पोचेस्तोवर ‘जरा जपून नावं पाठवा’ एवढंच उरलेलं असतं.

शाळेत हे प्रत्यक्षात कसं घडलं, ते मुख्यतः तीन वाटांनी. पहिली वाट थांबवण्याची. वर्गात मागे पडणाऱ्या मुलाला आधी नेहमीच्या वर्गातच टप्प्याटप्प्याने जादा मदत द्यायची, तिचा परिणाम पाहायचा, ही पद्धत मुळात चांगली आहे; तिला आरटीआय म्हणतात, आणि आपल्याकडच्या माहिती अधिकाराशी तिचा संबंध नाही. टेक्ससमध्ये मात्र ती प्रतीक्षायादी झाली. पहिला टप्पा सहा महिने, मग दुसरा, मग ‘उन्हाळ्यानंतर बघू’. मूल दुसरीतून चौथीत जातं आणि तपासणी अजून झालेलीच नसते. खरं म्हणजे २०११च्या जानेवारीत केंद्राच्या खात्याने सगळ्या राज्यांना लेखी कळवलं होतं, की आरटीआयच्या नावाखाली विशेष शिक्षणाची तपासणी लांबवता येणार नाही. ते पत्र फाइलला लागलं.

दुसरी वाट ५०४ची. १९७३च्या पुनर्वसन कायद्याच्या ५०४ क्रमांकाच्या कलमाखाली अपंग विद्यार्थ्याला सवलती मिळतात, जसं की परीक्षेला जादा वेळ, पुढच्या बाकावर जागा, मोठ्या अक्षरातला कागद. सोय चांगलीच आहे. पण तिच्यात विशेष शिक्षक येत नाही, मोजता येणारी उद्दिष्टं येत नाहीत, पालकांचे हक्कही पातळ असतात, आणि तक्त्याच्या दृष्टीने सगळ्यात सोयीचं म्हणजे ५०४मधलं मूल त्या साडेआठ टक्क्यांत मोजलं जात नाही.

तिसरी वाट डिस्लेक्सियाची. टेक्ससचा डिस्लेक्सियासाठी वेगळा राज्य कायदा बराच जुना आहे, आणि त्याचा अभिमानही तिथे बाळगला जातो. अक्षरांची अदलाबदल करणाऱ्या, वाचताना अडखळणाऱ्या मुलाला शाळा ‘डिस्लेक्सिया कार्यक्रमात’ घ्यायची आणि विषय तिथेच मिटायचा. त्या मुलाला लक्ष एकाग्र होण्याची अडचण आहे का, गणिताचीही आहे का, भाषेच्या आकलनाची आहे का, हे पाहणारी पूर्ण तपासणी व्हायचीच नाही.

राज्यातल्या सगळ्यात मोठ्या डिस्ट्रिक्टमध्ये, ह्यूस्टनमध्ये, हे प्रमाण दहा टक्क्यांवरून सातच्या घरात आलं. दोन लाखांहून जास्त विद्यार्थी असलेल्या शहरात तीन टक्के म्हणजे काय, ते सांगायला नको.

आता प्रश्न असा की बारा वर्षं हे कुणाच्या लक्षात कसं आलं नाही? पालकांच्या लक्षात येत होतं, पण प्रत्येकाला वाटत होतं की हे आपल्याच शाळेत, आपल्याच मुलाच्या बाबतीत आहे. एखादा शिक्षक फार तर हळू आवाजात सांगायचा, की आमचे हात बांधलेले आहेत. कशाने बांधलेत ते त्यालाही नीट ठाऊक नसायचं. खात्याचा तक्ता जाहीर होता, वेबसाइटवर होता. फक्त शेकडो पानांच्या पुस्तिकेत एका ओळीत होता. ज्यांनी वाचायचा त्या वकिलांना आणि अपंग हक्कांच्या संस्थांना एकेका मुलाची प्रकरणं लढवतानाच फेस येत होता. वर बसलेल्या केंद्राच्या खात्याकडे दरवर्षी टेक्ससचे आकडे जात होते. एका मोठ्या राज्यात विशेष शिक्षणातल्या मुलांचं प्रमाण वर्षागणिक सरळ रेषेत खाली येतंय, हे दिसायला वार्ताहर लागायला नको होता. माझ्या मते या प्रकरणातला सगळ्यात मोठा दोष इथेच आहे. टेक्ससच्या खात्याने चूक केली हे खरं, पण त्याच्यावर देखरेख ठेवण्यासाठी ज्यांना पगार मिळत होता तेही बारा वर्षं तेच कागद बाजूला सारत होते.

लेखमाला आल्यावर चक्रं फिरली. ऑक्टोबर २०१६मध्ये केंद्राने टेक्ससला पत्र पाठवलं, की हा निकष बंद करा, नाहीतर त्यामुळे एकही पात्र मूल वंचित राहिलं नाही हे दाखवून द्या. खात्याने निकष स्थगित केला, मर्यादा असल्याचं मात्र नाकारलं. वर्षअखेरीस केंद्राचे अधिकारी टेक्ससमध्ये फिरून पालकांच्या जाहीर सभा घेऊ लागले. २०१७च्या फेब्रुवारीत बारा डिस्ट्रिक्टांत प्रत्यक्ष जाऊन फाइली तपासल्या. त्याच वर्षी विधिमंडळाने कायदा केला, की विशेष शिक्षणातल्या मुलांच्या एकूण प्रमाणावर आधारलेला असा निकष खात्याला पुन्हा वापरता येणार नाही. पक्षभेद बाजूला ठेवून तो मंजूर झाला आणि गव्हर्नर ग्रेग ॲबट यांनी त्यावर सही केली.

योगायोगाने त्याच काळात, २२ मार्च २०१७ला, सर्वोच्च न्यायालयाने कोलोरॅडोतल्या एका स्वमग्न मुलाच्या प्रकरणात एकमताने निकाल दिला, की आयईपीतून जेमतेम नावापुरती प्रगती होणं पुरेसं नाही. त्या मुलाच्या परिस्थितीत जी प्रगती योग्य ठरेल तिला पुरेल असा आराखडा हवा. टेक्ससच्या पालकांच्या हातात त्यामुळे दुसरंही एक हत्यार आलं: शाळेने मुलाला घेतलं की नाही एवढंच विचारून थांबायचं नाही, घेऊन काय केलं तेही विचारायचं.

जानेवारी २०१८मध्ये केंद्राचा निष्कर्ष आला. तीन बाबतीत टेक्ससने कायदा मोडला: पात्र मुलं शोधली नाहीत, त्यांना योग्य शिक्षण दिलं नाही आणि डिस्ट्रिक्टांवर नीट देखरेख ठेवली नाही. ॲबट यांनी त्याच दिवशी शिक्षण आयुक्त माइक मोरॅथ यांना सात दिवसांत सुधारणेचा मसुदा द्यायला सांगितलं. बारा वर्षांच्या घोळावर सात दिवसांचा उतारा. पुढे एप्रिलमध्ये सविस्तर आराखडा आला.

त्याच साली न्यायालयातही एक निकाल लागला, त्याकडे फारसं कुणी पाहिलं नाही, पण दुवा तिथेच आहे. २०१२ या आर्थिक वर्षात टेक्ससने विशेष शिक्षणावर आदल्या वर्षापेक्षा सुमारे ३.३ कोटी डॉलर कमी खर्च केले होते. राज्याने आधीच्या वर्षापेक्षा हात आखडता घ्यायचा नाही, अशी कायद्याची अट आहे. म्हणून केंद्राने तेवढीच रक्कम पुढच्या अनुदानातून कापायचं ठरवलं. टेक्ससचं म्हणणं काय, तर मुलांची गरजच कमी झाली होती, म्हणून खर्च कमी झाला. पाचव्या सर्किटच्या, म्हणजे टेक्सस ज्याच्या अखत्यारीत येतं त्या केंद्रीय अपील न्यायालयाने नोव्हेंबर २०१८मध्ये ते फेटाळलं. आधी मुलं यादीतून कमी करायची, मग यादी छोटी झाली म्हणून पैसे कमी करायचे, आणि मग पैसे कमी आहेत म्हणून नवी मुलं घ्यायला कां-कूं करायची. हे वर्तुळ एवढं स्पष्टपणे क्वचित कुठे कागदावर उतरलं असेल.

सुधारणेच्या आराखड्यात सगळं होतं. डिस्ट्रिक्टांनी पालकांपर्यंत पोचून सांगायचं की तुमचं मूल राहून गेलं असेल तर तपासणी मागा. आरटीआय, ५०४ आणि डिस्लेक्सिया यांच्या नावाखाली काय करायचं नाही, याची लेखी सूचना प्रत्येक शाळेला. खात्यात देखरेखीचा वेगळा विभाग, आणि दर सहा वर्षांच्या चक्रात प्रत्येक डिस्ट्रिक्टची तपासणी. पालकांसाठी स्पेडटेक्स नावाचं माहिती केंद्र. जी मुलं वंचित राहिली त्यांना भरपाईची सेवा, पण ती किती आणि कशी द्यायची हे ज्याच्या त्याच्या एआरडी समितीने ठरवायचं. (आयईपी ठरवणाऱ्या बैठकीला टेक्ससमध्ये ‘आर्ड मीटिंग’ म्हणतात, बाकीच्या अमेरिकेत आयईपी मीटिंग. मुलाचे पालक त्या समितीचे सभासद असतात, आमंत्रित पाहुणे नव्हेत. बरेच आपले लोक तिथे पाहुण्यासारखे बसतात.)

भरपाईचा भाग मला सगळ्यात लंगडा वाटतो. २००४ साली पाच वर्षांचं असलेलं मूल २०१७मध्ये अठरा वर्षांचं झालं होतं. म्हणजे निकष लागू झाला तेव्हा बालवाडीत गेलेली एक पूर्ण पिढी निकष उठला तेव्हा शाळेतून बाहेर पडली होती. टेक्ससमध्ये विशेष शिक्षणाचा हक्क साधारण तीन ते एकवीस वर्षांपर्यंत असतो, पण शाळा सोडून गॅस स्टेशनवर कामाला लागलेल्या पोराने परत येऊन ‘माझी तिसरीतली स्पीच थेरपी द्या’ म्हणायचं, हे कुठल्या जगात घडतं? ज्याचा कागदच कधी झाला नाही, त्याने आपल्याला काय मिळायचं राहिलं ते सिद्ध कसं करायचं? तपासणी नाकारल्याची लेखी नोटीस ज्या घरी होती, त्यांचं थोडंफार झालं. तोंडी उत्तरावर समाधान मानलेल्यांच्या हाती काही नव्हतं.

आणि पैसे? आराखडा राबवायला डिस्ट्रिक्टांना तीन वर्षांत तीन अब्ज डॉलरच्या पुढे खर्च येईल, असा खात्याचाच अंदाज होता. केंद्राने १९७५मध्येच कबूल केलं होतं की विशेष शिक्षणाच्या जादा खर्चाचे चाळीस टक्के आम्ही देऊ. ते वचन आजतागायत कधी पुरं झालेलं नाही. प्रत्यक्षात पंधरा टक्क्यांहूनही कमीच मिळतात. मधल्या काळात राज्याच्या खात्याने मुलांच्या आयईपींचं विश्लेषण करण्यासाठी एका खासगी कंपनीला निविदेविना ४४ लाख डॉलरचं कंत्राट दिलं, बोंब झाली, आणि २०१७ संपायच्या आत ते रद्द करावं लागलं. वर्गात एकही शिक्षक न वाढवता पैसे गेले.

तरी आकडे हलले, आणि ते मान्य करायला हवं. २०२२-२३ पर्यंत विशेष शिक्षणातल्या मुलांचं प्रमाण साडेबाराच्या पुढे गेलं. २०१५-१६मध्ये साधारण चार लाख साठ हजार मुलं होती, ती सात लाखांवर पोचली. हे एकट्याने कुठलंही औषध, कुठलाही साथीचा रोग करू शकत नाही. मुलं तिथेच होती, कोणी मोजत नव्हतं. डिस्लेक्सियासाठी २०१९मध्ये वेगळा निधी आला, आणि २०२३मध्ये कायद्यानेच स्पष्ट केलं की डिस्लेक्सियाचा संशय असलेल्या मुलाची तपासणी विशेष शिक्षणाच्याच कायद्याखाली व्हायची. निधी देताना मूल कुठल्या प्रकारच्या वर्गात बसतं याऐवजी त्याला किती सखोल मदत लागते ते पाहायचं, हा बदल २०२५च्या अधिवेशनात झाला.

पण मोजणं आणि देणं यांत मोठं अंतर असतं. अचानक लाखो तपासण्या करायच्या तर माणसं हवीत. मूल्यमापन करणारे डायग्नोस्टिशियन, शाळेतले मानसशास्त्रज्ञ, स्पीच थेरपिस्ट टेक्ससमध्ये आधीच कमी होते, ग्रामीण डिस्ट्रिक्टांत तर आणखीच. त्यात कोविड आला. ऑक्टोबर २०२०मध्ये केंद्राने पुन्हा लिहिलं, की तुम्ही कबूल केलेल्या सुधारणा अजून पुऱ्या झालेल्या नाहीत, आणि २०२१मध्ये परत बजावलं. या टप्प्यावर तक्रारींचं स्वरूप बदललं. आधी मुलाला घेतच नव्हते. आता घेतलंय, आयईपी झालाय, सह्या झाल्यात, आणि सेवा मिळत नाही.

हा दुसरा प्रकार जास्त फसवा, कारण कागदावर सगळं हिरवं असतं. उदाहरण घेऊ. आयईपीत स्पीच थेरपी आठवड्यातून दोनदा, तीस मिनिटं. ऑक्टोबरच्या दुसऱ्या आठवड्यात थेरपिस्ट नोकरी सोडते. शाळा कळवत नाही, कारण ‘नवीन येतीलच’. नवीन येतात जानेवारीत. सुट्ट्या वगळून शाळेचे नऊ आठवडे गेले धरा, तर अठरा सत्रं, पाचशे चाळीस मिनिटं बुडाली. पालकांना हे कळतं कसं? बहुतेक वेळा मुलाकडून, तेही बोलणारं असेल तर. प्रगतिपुस्तकात तेवढ्या काळात ‘प्रगती सुरू आहे’ असा ठराविक शेरा आलेला असतो. म्हणून थेरपीच्या सत्रांची नोंदवही, तिकडच्या भाषेत सर्व्हिस लॉग, दर सहामाहीला लेखी मागून घ्यायची. तारीख, मिनिटं, कोणी दिली. ते कागद मुलाच्या शैक्षणिक नोंदींचा भाग आहेत आणि पालकांना पाहण्याचा हक्क आहे. लॉगमध्ये भोकं दिसली की भांडणाचा सूर लावायची गरजच उरत नाही. ‘पाचशे चाळीस मिनिटं कधी भरून देता, हे ठरवायला आर्ड मीटिंग बोलवा’ एवढी दोन ओळींची ईमेल पुरते. बुडालेल्या मिनिटांच्या जागी नेमकी तितकीच मिनिटं मिळतील असं नाही, मुलाचं जे नुकसान झालं त्याच्या मानाने समिती ठरवते, पण आकडा समोर असला की बोलणं त्या आकड्यापासून सुरू होतं.

टेक्ससमध्ये मराठी कुटुंबं भरपूर आहेत, ह्यूस्टन, डॅलस, ऑस्टिन आणि त्यांच्या उपनगरांत. त्यांच्यापुरत्या दोनचार गोष्टी वेगळ्या सांगाव्या लागतात. एक म्हणजे ‘घरी मराठी बोलता ना, म्हणून त्याला बोलायला उशीर होतोय’ हे उत्तर. कायदा सांगतो की तपासणी शक्य तिथवर मुलाच्या भाषेत व्हावी, आणि इंग्रजी कमी येतं हे पात्रतेचं मुख्य कारण असू नये. इंग्रजी शिकणाऱ्या मुलांचं विशेष शिक्षणातलं प्रमाण टेक्ससमध्ये त्या वर्षांत आणखीच खाली गेलं होतं, तेव्हा हे उत्तर किती घरांत दिलं गेलं असेल याची कल्पना करा. मराठी सोडून घरात इंग्रजी सुरू केलेली कुटुंबं आहेत. त्याने आजीचं नातवाशी बोलणं तेवढं बंद पडलं, उच्चार तसेच राहिले. पालकांपैकी एकाला इंग्रजीत अशा बैठकीला तोंड देणं जड जात असेल तर दुभाषा देणं शाळेवर बंधनकारक आहे. हे मागायला कमीपणा वाटायचं कारण नाही. तिथे बोललं जाणारं इंग्रजी इंजिनिअर नवऱ्यालाही कळत नाही.

दुसरं, व्हिसा. एच-वन असो, एच-फोर असो, ग्रीन कार्डच्या रांगेत असा, शाळेच्या सेवेशी त्याचा संबंध नाही. हा प्रश्न खुद्द टेक्ससच्याच टायलर गावातून सर्वोच्च न्यायालयात गेला होता आणि १९८२मध्येच निकालात निघाला, तोही कागदपत्रं नसलेल्या मुलांच्या बाजूने. मग वैध व्हिसावर आलेल्यांनी कशाला दबून राहायचं? आपल्या लोकांत भीती खरी याची नसते. ‘नाव चढलं तर पुढे कॉलेजला अडचण येईल’, ‘गावी कळलं तर’ ही असते. विशेष शिक्षणाच्या नोंदी गोपनीय असतात आणि कॉलेजला शाळा त्या परस्पर पाठवत नाही.

आणि जे पुण्या-मुंबईला परत जायचा विचार करतात त्यांच्यासाठी एवढंच, की भारतात २०१६च्या दिव्यांग हक्क कायद्याने एकवीस प्रकारची दिव्यांगता मान्य केली आहे, आणि सर्वोच्च न्यायालयाने ऑक्टोबर २०२१मध्ये प्राथमिकला दहा आणि वरच्या वर्गांना पंधरा विशेष मुलांमागे एक विशेष शिक्षक असं प्रमाण सांगितलं. पदं मंजूर करून भरा म्हणून मार्च २०२५मध्ये राज्यांना पुन्हा आदेश दिला. टेक्ससने मुलांच्या संख्येला वरचं झाकण लावलं, आपल्या न्यायालयाने शिक्षकांच्या संख्येला खालचा आधार दिला. पण दहाला एक हे प्रमाण मुलं नोंदली गेली तरच चालतं. शाळेने दहाऐवजी दोनच मुलं दाखवली तर शिक्षकाचं पद निघत नाही, आणि कायदा कुणी मोडला असंही दिसत नाही. टेक्ससच्या तक्त्याला ज्या बाजूने भोक होतं, त्याच बाजूने इथेही आहे.

टेक्ससमध्ये आज एखाद्या आईवडिलांना सुरुवात करायची असेल तर ती एका तारीख घातलेल्या ईमेलने करावी. मुख्याध्यापक आणि डिस्ट्रिक्टचे विशेष शिक्षण संचालक, दोघांना. मजकूर साधा: आमच्या मुलाला अपंगत्व असण्याची शक्यता आम्हाला वाटते, त्याची विशेष शिक्षणासाठी पूर्ण वैयक्तिक तपासणी करावी, वाचन, बोलणं, लक्ष, वर्तन या बाबतीत आम्हाला काळजी आहे. आरटीआयचा उल्लेख करू नका, ‘काही मदत होईल का’ असं मोघम लिहू नका. असं लेखी मागितल्यावर शाळेने पंधरा शालेय दिवसांत एकतर संमतीचा फॉर्म द्यायचा, नाहीतर कारणासह लेखी नकार. संमतीवर सही झाल्यापासून साधारणपणे पंचेचाळीस शालेय दिवसांत अहवाल, आणि त्यानंतर तीस दिवसांत आर्ड मीटिंग. अहवाल पटला नाही तर डिस्ट्रिक्टच्या खर्चाने बाहेरच्या तज्ज्ञाकडून स्वतंत्र तपासणी मागता येते. डिस्ट्रिक्टला ती द्यायची नसेल तर स्वतःचा अहवाल बरोबर आहे हे त्यांनाच सुनावणीत सिद्ध करावं लागतं. बैठकीत एकमत झालं नाही तर लगेच सही करायची नाही, दहा शालेय दिवसांच्या आत पुन्हा बसायची संधी मागायची.

हे सगळं करूनही सेवा मिळत नसेल तर राज्याच्या खात्याकडे तक्रार करता येते. त्याला वकील लागत नाही, फी लागत नाही. घटना एका वर्षाच्या आतली हवी, आणि खात्याने साठ दिवसांत चौकशी करून निर्णय द्यायचा असतो. सर्व्हिस लॉग, ईमेलचे प्रिंट, आयईपीचं सेवांचं पान एवढं जोडलं तरी पुरतं. खात्याने डिस्ट्रिक्टला दोषी ठरवलं तर भरपाईची सेवा आणि कर्मचाऱ्यांचं प्रशिक्षण असे आदेश निघतात, आणि ते पाळल्याचा पुरावा डिस्ट्रिक्टला खात्याकडे द्यावा लागतो.

त्या खात्यावर नजर ठेवायची ती वॉशिंग्टनने. २०२५च्या ऑक्टोबरात केंद्राच्या विशेष शिक्षण विभागातल्या बहुतेक कर्मचाऱ्यांना कपातीच्या नोटिसा गेल्या आणि न्यायालयाला त्या तात्पुरत्या रोखाव्या लागल्या. तेव्हा तक्रार करताना तिची एक प्रत आपल्या मतदारसंघातल्या राज्य प्रतिनिधीच्या कार्यालयालाही पाठवा. टेक्ससमध्ये २०१७चा कायदा केला तो विधिमंडळानेच.